वेब पानाचा हवा तेवढाच भाग स्क्रिप्टने उतरवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी आणले. स्क्रिप्ट पायथनची आहे असं धरलंय, मधूनमधून टर्मिनलवरून पानं उतरवणारा कर्लही येईल. कमांड आणि लायब्ररींची नावं देवनागरीत दिली आहेत. उच्चारावरून ती ज्याच्या त्याच्या मदत-पानावर लगेच सापडतात. बरीचशी उदाहरणं कांद्याच्या बाजारभावाची आहेत, कारण निम्मे प्रश्न तिथूनच येतात.

१. वेब पानाचा फक्त एक भाग डाउनलोड करता येतो का? हो की नाही तेवढं सांगा.

'फक्त' म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय त्यावर ते ठरतं. हा प्रश्न विचारणारी मंडळी तीन प्रकारची असतात. पहिल्याला डेटा वाचवायचा असतो, म्हणजे नेटवरून कमी बाइट यायला हवेत. दुसऱ्याला डेटाची फिकीर नसते, उतरलेल्या पसाऱ्यातून एक टेबल वेगळं काढून हवं असतं. तिसऱ्याला तो भाग सर्व्हरनेच सुटा करून द्यायला हवा असतो.

दुसऱ्याचं काम नेहमी होतं (प्रश्न ३). तिसऱ्याचं काम सर्व्हरने तशी सोय ठेवली असेल तर होतं (प्रश्न १० आणि १३). पहिल्याचं काम वेब पानांच्या बाबतीत फार कमी वेळा होतं. प्रश्न ६ ते ८ त्याच्यासाठीच आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. ब्राउझरमध्ये एखादं पान चार एमबी खातं तेव्हा त्यात चित्रं, फॉन्ट, जाहिराती, जावास्क्रिप्ट सगळं धरलेलं असतं. तुमची स्क्रिप्ट पत्ता उघडते तेव्हा तिला फक्त एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर आणि त्याची रचना, मिळतं, बाकी काही ती स्वतःहून मागवत नाही. त्यामुळे भाग उतरवण्याचं अर्धं काम न मागताच झालेलं असतं. एचटीएमएल एकटं किती केबीचं आहे ते आधी पाहा. बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच मिटतो.

२. पत्त्याच्या शेवटी हॅश (#) आणि विभागाचं नाव दिलं, तरी पूर्ण पानच उतरतं. असं का?

हॅशच्या पुढचा मजकूर सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. ब्राउझर असो की स्क्रिप्ट, विनंती पाठवताना तो तुकडा स्वतःजवळच ठेवून घेते. पान आलं की ब्राउझर त्या नावाच्या आयडीपर्यंत (पानातल्या भागाला दिलेली ओळख) स्क्रोल करतो, एवढंच त्याचं काम. तुम्ही कोणता विभाग मागितलात याची सर्व्हरला गंधवार्ताही नसते.

ते नाव तरीही टाकून देऊ नका. हॅशनंतर जे आहे तो बहुधा पानातल्या एखाद्या घटकाचा आयडी असतो, आणि पान उतरल्यावर नेमका तोच भाग कापून घ्यायला आयडीइतकी भरवशाची खूण नाही.

३. मला बाजारभावाचं एकच टेबल हवंय. सुरुवात कुठून करू?

रिक्वेस्ट्स या लायब्ररीने पान आणा आणि एचटीएमएल वाचून देणाऱ्या ब्यूटिफुल सूपला द्या. सूपकडून सगळी टेबलं मागून घ्या आणि त्यातलं आपलं कोणतं ते ओळखा. ओळखायचं कसं, इथे बहुतेकांची पहिली चूक होते: 'पानावरचं तिसरं टेबल' असा क्रमांक लिहून मोकळे होतात. मग एखाद्या सकाळी संकेतस्थळवाले वर सूचनेची चौकट टाकतात, तीही टेबलमध्येच केलेली असते, आणि तुमच्या कांद्याच्या जागी निविदेची तारीख येऊन बसते.

क्रमांकापेक्षा शीर्षकाच्या ओळीवरून ओळखा. बाजारभावाच्या टेबलात 'परिमाण', 'आवक', 'कमीत कमी दर', 'जास्तीत जास्त दर', 'सर्वसाधारण दर' असे रकाने असतात. ज्या टेबलाच्या पहिल्या ओळीत 'आवक' आणि 'सर्वसाधारण दर' दोन्ही सापडतील, ते आपलं. एकही सापडलं नाही तर स्क्रिप्टने मुकाट्याने रिकामी फाइल लिहू नये, ओरडून थांबावं. आठवडाभर रिकाम्या फाइली साठत राहण्यापेक्षा पहिल्याच दिवशी बंद पडलेली स्क्रिप्ट परवडली.

टेबल हाती आल्यावर आतले खाचखळगे लागतात. काही ठिकाणी तारीख हा रकाना नसतोच. सगळ्या रकान्यांवर पसरलेली एक आडवी ओळ असते आणि तिच्या खालच्या सगळ्या नोंदी त्या तारखेच्या असतात. ओळीत एकच खाना दिसला तर तो तारीख म्हणून लक्षात ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक नोंदीला चिकटवत जायचा. दर 'रुपये प्रति क्विंटल' असतो. किलोचा समजून शंभरपट घोळ घातलेले लोक मी पाहिले आहेत.

आकड्यांची एक गंमत सांगतो. पायथनच्या इंट फंक्शनला '१२५०' असा देवनागरी आकडा दिला तर ते निमूट बाराशे पन्नास समजतं, काही बदलावं लागत नाही. '१,२५०' दिलात तर मात्र स्वल्पविरामावर अडतं, तो आधी काढून टाका. जावास्क्रिप्टमध्ये एवढंही सुख नाही: नंबर फंक्शनला देवनागरी अंक आकडेच वाटत नाहीत.

थेट डेटाफ्रेम (पायथनमधलं ओळी-रकान्यांचं टेबल) हवी असेल तर पांडाज लायब्ररीचं रीड-एचटीएमएल आहे. त्याला 'मॅच' म्हणून 'सर्वसाधारण दर' दिलं की तो मजकूर असलेलीच टेबलं परत येतात.

४. मला कोडिंग येत नाही. काही मार्ग आहे का?

गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट-एचटीएमएल नावाचं सूत्र आहे. पत्ता, 'टेबल' हा शब्द आणि टेबलाचा क्रमांक दिला की टेबल शीटमध्ये उतरतं. साधारण तासातासाने ते स्वतःहून ताजं होतं. प्रश्न ३ मधली क्रमांकाची अडचण इथेही आहे, आणि जावास्क्रिप्टने भरणारी टेबलं (प्रश्न १०) इथेही रिकामीच दिसतात.

५. सूप-स्ट्रेनर वापरला तर डेटा वाचतो ना?

नाही. ब्यूटिफुल सूपमधला सूप-स्ट्रेनर उतरलेल्या मजकुरातला हवा तेवढाच भाग वाचून त्याचं झाड, म्हणजे पानाच्या भागांची रचना, बांधतो. त्यात मेमरी वाचते, वेळ वाचतो, पण तोवर पान पूर्ण उतरलेलं असतं. शेकडो मोठी पानं चाळायची असतील तर उपयोगी, एरवी फरक कळत नाही. आणि पार्सर (एचटीएमएल वाचणारा भाग) म्हणून एचटीएमएल-फाइव्ह-लिब घेतलं असेल तर स्ट्रेनर चालतच नाही, कारण ते पूर्ण पान वाचल्याशिवाय राहत नाही. एलएक्सएमएल किंवा पायथनसोबत येणारा पार्सर घ्या.

६. रेंज हेडरबद्दल बरंच ऐकलंय. 'पहिले १००० बाइट द्या' असं खरंच मागता येतं का?

येतं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीत ही सोय १९९७ पासून, म्हणजे १.१ आवृत्तीपासून आहे. हेडर म्हणजे विनंती किंवा उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ. विनंतीत रेंज हेडर घालायचा आणि त्यात 'बाइट्स', बरोबरचं चिन्ह आणि '०-९९९' लिहायचं. दोन्ही टोकं धरली जातात, त्यामुळे हे बरोबर हजार बाइट होतात. पहिला आकडा न देता नुसतं '-५००' लिहिलं तर शेवटचे पाचशे मिळतात. कर्लमध्ये यासाठी छोट्या आरचा पर्याय आहे.

सर्व्हरने मान्य केलं तर उत्तराचा क्रमांक २०६ येतो, आणि सोबतच्या कंटेंट-रेंज हेडरमध्ये कोणता तुकडा दिला व फाइल एकूण किती मोठी आहे ते असतं. फाइल संपल्यानंतरचा तुकडा मागितला तर ४१६ येतो. आणि २०० आला तर समजा, सर्व्हरने तुमच्या मागणीकडे दुर्लक्ष करून सगळं पान पाठवलंय. हे नियमाला धरूनच आहे. रेंज ही विनंती असते, ती मानायची सक्ती सर्व्हरवर नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी क्रमांक तपासा, मग पुढचं.

एकाच विनंतीत दोन-तीन तुकडेही मागता येतात, पण त्या वाटेला जाऊ नका. उत्तर अनेक भागांच्या विशेष स्वरूपात येतं आणि ते सोडवण्यात वेळ जातो. शिवाय ऑगस्ट २०११ मध्ये अपाची सर्व्हरला एकमेकांवर चढलेले असंख्य तुकडे मागून जमिनीवर आणता येतं हे उघड झालं. तुकडे फार झाले की हात आखडता घेणं सर्व्हर तेव्हापासून शिकले आहेत.

७. रेंज दिली, तरी २०० आणि पूर्ण पान. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. रेंज चालते ती डिस्कवर तयार पडलेल्या फाइलींसाठी: पीडीएफ, चित्रं, व्हिडिओ, झिप. व्हिडिओ मधूनच पुढे सरकवता तेव्हा ब्राउझर हेच करत असतो. वेब पान मात्र तुम्ही मागितल्यावर डेटाबेसमधून मजकूर काढून त्या क्षणी तयार होतं. त्याची एकूण लांबी सर्व्हरलाच आधी ठाऊक नसते, मग त्यातला दोन हजारावा बाइट तो कुठून देणार?

नुसतं हेड विनंतीने हेडर मागून पाहा. ॲक्सेप्ट-रेंजेस समोर 'बाइट्स' दिसलं तर आशा आहे. 'नन' दिसलं तर विषय संपला. हेडरच नसेल तर एकदा मागून पाहणं हाच उपाय.

आणि समजा चाललं, तरी तुमचं टेबल कितव्या बाइटपासून सुरू होतं हे तुम्हाला कसं कळणार? काल अठरा हजारांवर होतं, आज वर एक बातमी वाढली की एकोणीस हजारांवर. वेब पानाला रेंज लावणं म्हणजे पोळी न बघता कात्री चालवणं. रेंजचा खरा उपयोग प्रश्न १५ मध्ये आहे.

८. मला पानाचं फक्त शीर्षक हवंय. थोडं वाचून जोडणी तोडली तर?

ही युक्ती चांगली आहे आणि तिला सर्व्हरची परवानगी लागत नाही. शीर्षक, वर्णन, लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राचा पत्ता हे सगळं पानाच्या वरच्या हेड भागात असतं. रिक्वेस्ट्सला स्ट्रीम चालू करायला सांगा, इटर-कंटेंटने तुकड्या-तुकड्याने वाचा, हेड बंद करणारा टॅग दिसला की थांबा आणि जोडणी बंद करा. वर कमाल मर्यादाही घाला. काही पानांच्या हेडमध्ये इतकी जावास्क्रिप्ट कोंबलेली असते की हेड संपता संपत नाही.

बचत किती होते याबद्दल मात्र भ्रम नको. टीसीपी जोडणी सुरू होताना सर्व्हर तुमच्या पावतीची वाट न पाहता पहिल्या हप्त्यातच साधारण १४ केबीपर्यंत पाठवू शकतो. तुम्ही चार केबी वाचून थांबलात तरी उरलेले बाइट एव्हाना तुमच्या मशीनपर्यंत आलेले असतात. पान ३० केबीचं असेल तर या सगळ्या खटाटोपातून फारसं काही हाती लागत नाही.

टर्मिनलवर कर्लचं आउटपुट हेड कमांडला (ती मजकुराची फक्त सुरुवात घेते) जोडून हेच करता येतं. हेड आपल्यापुरतं घेऊन निघून गेलं की कर्ल 'लिहिता आलं नाही' अशी २३ क्रमांकाची तक्रार करतो, घाबरू नका, आपल्याला तेच हवं होतं. कर्लचा मॅक्स-फाइलसाइझ पर्याय यासाठी नाही. तो फाइल कापत नाही, मर्यादेबाहेरची दिसली की डाउनलोडच फसलं म्हणून सोडून देतो.

९. जीझिपमुळे काय बिघडतं?

सर्व्हर सहसा पान जीझिपने दाबून, म्हणजे आकार कमी करून, पाठवतो. दाबलेल्या मजकुराचा मधलाच तुकडा उलगडता येत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी 'मागे आलेलं तेच पुन्हा' अशा खुणा असतात आणि ते मागचं तुमच्याकडे नसतं. सुरुवातीपासूनचा तुकडा मात्र जिथे तुटला तिथपर्यंत नीट उलगडतो. त्यासाठी पायथनसोबत येणाऱ्या झेडलिबचा डीकम्प्रेस-ऑब्जेक्ट वापरा. एका दमात उलगडणारं फंक्शन फाइल अपुरी म्हणून नकार देईल. रिक्वेस्ट्सचं इटर-कंटेंट हे आपणच करतं, म्हणजे तुम्ही मोजता ते बाइट उलगडल्यानंतरचे असतात, नेटवरून आलेले नव्हेत.

'मग दाबू नका असं सर्व्हरला सांगतो,' असं लगेच सुचतं. ॲक्सेप्ट-एन्कोडिंगमध्ये 'आयडेंटिटी' लिहिलं की तसं होतंही. पण हिशेब करा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट तर सगळ्यांचा सारखाच असतो, त्यामुळे मराठी पानं जीझिपमध्ये भरपूर आकसतात. कितीदा तरी न दाबलेल्या अर्ध्या पानापेक्षा दाबलेलं अख्खं पान लहान भरतं. डेटा वाचवायला निघालेला माणूस इथे उलटा खड्ड्यात जातो.

१०. ब्राउझरमध्ये टेबल दिसतं, स्क्रिप्टला मात्र तिथे काहीच सापडत नाही.

ब्राउझरमध्ये पानावर उजवी टिचकी मारून 'पानाचा स्रोत पाहा' करा आणि टेबलातला एखादा शब्द, समजा 'लासलगाव', शोधा. सापडला नाही तर ते टेबल मुळात पानात नाहीच, पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट दुसरीकडून आणून भरते.

निराश होऊ नका, ही खरं तर आनंदाची बातमी आहे. डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, 'फेच/एक्सएचआर' प्रकारच्याच विनंत्या दिसतील असं करा आणि पान पुन्हा लोड करा. यादीतल्या कुठल्यातरी ओळीच्या उत्तरात तुमचं 'लासलगाव' असतं, बहुतेकदा जेसन या डेटाच्या स्वरूपात, रकान्यांच्या नावांसह. तो पत्ता थेट मागवा. प्रश्न १ मधल्या तिसऱ्या प्रकारच्या माणसाला हवं होतं ते हेच: सर्व्हर स्वतः सुटा भाग देतोय, ना सजावट ना मेनू.

अशी वाट सापडलीच नाही तरच प्लेराइट किंवा सेलेनियमकडे वळा. ते खराखुरा ब्राउझर चालवतात, म्हणजे चित्रं, फॉन्ट, जाहिराती सगळं उतरतं. एका टेबलासाठी अख्खी वरात.

बाजारभावांपुरतं सांगायचं तर तेवढंही करायची गरज नाही. भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर एपीआयने (स्क्रिप्टला थेट डेटा देणारी सोय) मिळतात. नोंदणी करून चावी घ्यायची, मग राज्य, जिल्हा, शेतमाल अशी गाळणी लावून तेवढ्याच ओळी मागायच्या. आधी तिथे बघा, मग स्क्रिप्ट लिहायला बसा.

११. क्रोममधून एक्सपाथ जसाच्या तसा कॉपी केला. तरी काही सापडत नाही.

एक्सपाथ म्हणजे पानातल्या घटकापर्यंतची वाट. त्या वाटेत 'टीबॉडी' आहे का पाहा. टेबलात तो टॅग लिहिलेला नसला तरी ब्राउझर पान दाखवताना आपल्या मनाने घालतो. तुम्ही एक्सपाथ घेतला तो ब्राउझरने दुरुस्त केलेल्या झाडावरून, आणि स्क्रिप्ट चालवताय मूळ एचटीएमएलवर. एलएक्सएमएल असा टीबॉडी घालत नाही, म्हणून वाट तिथेच तुटते. तो शब्द काढला की बहुतेकदा चालायला लागतं.

तसाही कॉपी केलेला एक्सपाथ फार दिवस टिकत नाही. 'तिसऱ्या डिव्हमधला दुसरा डिव्ह' हा पत्ता म्हणजे 'पिंपळाच्या पारानंतरचं चौथं घर': पार हलला की घर हरवलं. आयडी, टेबलाचं शीर्षक, जवळच्या मथळ्यातला मजकूर या खुणा बऱ्या. ज्या क्लासच्या नावात अर्थहीन अक्षरं-आकडे दिसतात तो मशीनने तयार केलेला असतो, पुढच्या बदलात जाणारच.

१२. मराठी मजकूर तुटतो, चौकोन येतात, किंवा समोर दिसणारा शब्दसुद्धा शोधात सापडत नाही.

यात चार वेगळी दुखणी आहेत.

पहिलं, सगळाच मजकूर विचित्र युरोपीय अक्षरांत येतो. सर्व्हरने हेडरमध्ये अक्षरसंच सांगितला नाही तर रिक्वेस्ट्सचं 'टेक्स्ट' त्याला आयएसओ-८८५९-१ (युरोपीय अक्षरसंच) समजतं. 'टेक्स्ट' ऐवजी 'कंटेंट', म्हणजे कच्चे बाइट, सूपला द्या. ते पानातला मेटा टॅग पाहून ठरवतं. तो टॅग पहिल्या १०२४ बाइटांत असावा असा एचटीएमएलचा नियमच आहे, त्यामुळे प्रश्न ८ प्रमाणे वरचाच भाग घेतला तरी तो हाती लागतो.

दुसरं, तुकड्याच्या कडेला अक्षर तुटतं. 'कांदा' घ्या. क, काना, अनुस्वार, द, काना: पाच चिन्हं, पंधरा बाइट. दहा बाइटांवर कापलंत तर 'कां' नीट येईल आणि 'द'चा एकच बाइट उरेल, त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन. बारा बाइटांवर कापलंत तर ते जास्त वाईट: काही त्रुटी येत नाही, चौकोन नाही, फक्त 'कांद' येतं. असा शब्द फाइलीत जाऊन बसला की महिन्यांनी सापडतो. म्हणून बाइटांवर कापलेला मजकूर डीकोड करताना इन्क्रिमेंटल डीकोडर (अर्धवट अक्षर पुढच्या तुकड्यापर्यंत राखून ठेवणारा) वापरा आणि शेवटचा शब्द, निदान शेवटचा टॅग, सोडून द्या.

तिसरं खास मराठीचं. 'शेतकऱ्यांसाठी' या मथळ्याखालचा भाग हवा आहे, मथळा डोळ्यांना दिसतोय, आणि स्क्रिप्ट म्हणते असा मथळाच नाही. हा 'ऱ्य' दोन प्रकारे टंकला जातो: नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा शून्य-रुंदी-जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण 'र' आणि सुटा नुक्ता मिळून 'ऱ' करतं, पण जोडकवाल्या रूपाला हात लावत नाही. ते रूप तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं, पानातल्या मजकुरातही आणि शोधाच्या शब्दातही. टेबलाच्या खान्यांत दडलेली न तुटणारी स्पेस हे याचंच धाकटं भावंड.

चौथं, पान जुनं असेल आणि युनिकोडपूर्व फॉन्टवर बांधलेलं असेल तर आत मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. अशा मजकुराला त्या त्या फॉन्टचा परिवर्तक लावल्याशिवाय इलाज नाही.

१३. मराठी विकिपीडियाच्या लेखातला एकच विभाग हवा आहे.

इथे सर्व्हर खरोखर कापून देतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीच्या एपीआयला 'ॲक्शन' म्हणून पार्स, लेखाचं नाव आणि 'सेक्शन' म्हणून विभागाचा क्रमांक दिला की तेवढ्याच विभागाचं एचटीएमएल येतं. शून्य म्हणजे पहिल्या मथळ्याच्या आधीची प्रस्तावना, पुढे मथळ्यांच्या क्रमाने एक, दोन, तीन. उपविभागही याच मोजणीत येतात, त्यामुळे अनुक्रमणिकेत २.१ दिसणारा विभाग तिसरा असू शकतो. मूळ विकिमजकूर हवा असेल तर ॲक्शन रॉ सोबतही सेक्शन चालतो.

एक पेच लक्षात ठेवा. साच्यातून (अनेक लेखांत वापरल्या जाणाऱ्या तयार मजकुरातून) आलेले मथळे लेखाच्या स्वतःच्या मोजणीत नसतात, विभागांच्या यादीत त्यांच्या क्रमांकाआधी 'टी' दिसतो. ते अशा पद्धतीने मागता येत नाहीत. आणि क्रमांक आज आहे तो उद्या राहील असं नाही, म्हणून आधी यादी मागवा, नावावरून क्रमांक काढा, मग विभाग मागा. नाव जुळवताना प्रश्न १२ मधलं 'ऱ्य' विसरू नका. यूजर-एजंटमध्ये (विनंती कोण करतंय ते सांगणारा हेडर) तुमच्या स्क्रिप्टचं नाव आणि संपर्क द्यावा असा विकिमीडियाचा नियम आहे, आणि मजकूर पुढे वापरलात तर श्रेय द्यावं लागतं.

१४. स्क्रिप्ट रोज चालते. पान बदललं असेल तरच उतरवता येईल का?

येईल, आणि डेटा वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. पहिल्यांदा पान आणताना उत्तरातले ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड हेडर जपून ठेवा. पुढच्या वेळी ते इफ-नन-मॅच आणि इफ-मॉडिफाइड-सिन्स मध्ये परत पाठवा. बदल नसेल तर ३०४ येतो, सोबत मजकूर काहीच नाही.

क्षणात तयार होणारी पानं हे हेडर बरेचदा देत नाहीत. तिथे पान उतरवावंच लागतं, पण बदल झाला का हे ठरवायला पूर्ण पानाचा हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण, प्रश्न २ मधला हॅश नव्हे) काढू नका. कोपऱ्यातली वेळ, जाहिरातीचा पत्ता, फॉर्ममधली लपलेली खूण दर वेळी बदलते आणि रोज बदल झाल्याची खोटी वर्दी मिळते. आपल्याला हवं ते टेबल काढा आणि त्यातल्या मजकुराचा हॅश घ्या.

१५. पानाऐवजी मोठी फाइल असेल तर? पीडीएफचं पहिलंच पान किंवा झिपमधली एकच फाइल मिळेल?

रेंज जन्माला आली ती अशाच कामांसाठी. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. आधी शेवटचा तुकडा मागायचा, त्यातून हवी ती फाइल कुठे आहे ते काढायचं, मग तेवढेच बाइट आणायचे. पीडीएफचंही संदर्भ-कोष्टक सहसा शेवटी असतं, त्यामुळे पहिले शंभर केबी आणून पहिलं पान उघडेलच असं नाही. 'फास्ट वेब व्ह्यू' साठी जतन केलेल्या पीडीएफमध्ये मात्र पहिल्या पानाचं सगळं सामान मुद्दाम पुढे ठेवलेलं असतं.

मला सर्वात आवडणारं उदाहरण कॉमन क्रॉलचं. तिथे जगभरातली वेब पानं साधारण एकेक जीबीच्या दाबलेल्या फाइलींत साठवलेली आहेत. अनुक्रमणिकेत पत्ता शोधला की कोणती फाइल, कितव्या बाइटपासून आणि लांबी किती एवढं कळतं. तेवढीच रेंज मागायची आणि एक जीबीतून काही केबी येतात. शेवटचं टोक काढताना सुरुवात अधिक लांबी वजा एक. तो एक विसरला तर पुढच्या नोंदीचा बाइट चिकटतो. प्रश्न ९ वाचून आलेल्यांना शंका येईल की दाबलेल्या फाइलीचा मधला तुकडा उलगडतो कसा. तिथे प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे दाबून मग एकापुढे एक जोडलेली आहे, म्हणून.

१६. अर्ध्यात तुटलेलं डाउनलोड पुढे चालू केलं, फाइल पूर्ण झाली, पण उघडत नाही.

मधल्या वेळात सर्व्हरवरची फाइल बदलली असावी. तुमच्याकडे जुन्याचं डोकं आणि नव्याचं शेपूट आहे. पुढचा तुकडा मागताना रेंजसोबत इफ-रेंजमध्ये जुना ईटॅग द्या. फाइल तीच असेल तर २०६ आणि उरलेला भाग येतो, बदलली असेल तर २०० आणि नवी फाइल पूर्ण. २०० आल्यावर जुन्या फाइलीला जोडू नका, नव्याने लिहा. वेगळी गडबड असेल तर क्रमांक तपासायचा राहिला असेल, तो भाग प्रश्न ६ मध्ये आहे.

१७. हे कायदेशीर आहे का?

मी वकील नाही, पण दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून डेटा डाउनलोड करणं, त्याची प्रत घेणं किंवा तो काढून घेणं यांचा उल्लेख आहे. आणि मजकुरावर प्रताधिकार असू शकतो, भाग छोटा घेतला म्हणून तो आपोआप सुटत नाही. लॉगिनमागचं, लोकांची वैयक्तिक माहिती असलेलं काही काढायचं असेल तर माझ्याकडून मदत मिळणार नाही.

रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल वाचा. स्क्रिप्टने काय उघडावं आणि काय नाही ते संकेतस्थळ तिच्यात सांगतं. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत तब्बल अठ्ठावीस वर्षं तोंडी करारावर चालली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नोंदली गेली. ती कुलूप नाही, दारावरची पाटी आहे. पायथनमध्ये ती वाचणारा रोबोट-पार्सर आधीपासूनच असतो.

१८. काल चालत होतं, आज ४०३ किंवा ४२९ येतंय.

४२९ म्हणजे फार वेगाने मागताय. सोबत रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर त्यात किती सेकंद किंवा कधीपर्यंत थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. ४०३ म्हणजे नकार, त्याची कारणं अनेक. यूजर-एजंटमध्ये रिक्वेस्ट्सचं ठरलेलं नाव पाहून काही ठिकाणी दार लावलं जातं. तिथे स्वतःचं खरं नाव आणि ईमेल लिहा. ब्राउझरचं सोंग घेऊन काम होतं हे मलाही माहीत आहे, पण मग कुणी तक्रार करायची म्हटली तर तुम्हाला गाठायचं कसं?

माझ्या पहिल्या स्क्रिप्टची गोष्ट सांगतो. एका छोट्या संकेतस्थळावरून एक टेबल घ्यायचं होतं, दिवसातून एकदा बदलणारं. मी चाचणीसाठी 'दर दहा सेकंदांनी' असं लिहिलं, चाललं म्हणून खूश होऊन झोपलो आणि ते बदलायचं राहिलं. सकाळी आमच्या ऑफिसचा अख्खा आयपी पत्ता तिथे बंद. जे शेजारी तेच संकेतस्थळ रोज हातानं उघडायचे, ते दुपारपर्यंत 'नेट गेलंय का' विचारत होते. मी माफीचं पत्र लिहिलं आणि दोन दिवसांनी दार उघडलं. उत्तरासोबत त्यांनी एका सीएसव्हीचा (साध्या मजकुरातलं टेबल) पत्ताही पाठवला होता, रोज सकाळी ताजी होणारी फाइल, त्यात नेमकं माझं टेबल.